लावून बघितलेला नंबर

कानवाला ओरडत ऑफिसात आला तेव्हा तो आपल्या टेबलाशी बसून एका वेबसाइटच्या शेवटच्या पानावर त्याच बाईचा फोटो एकेचाळिसाव्यांदा चिकटवत होता. गोरीपान बाई, कानावर हेडफोन, ओठांपुढे बारीकसा माइक, आणि चेहऱ्यावर असं हसू की समोरच्याचा पाइप फुटो, दात दुखो की छप्पर गळो, हिला त्याचा आनंदच आहे. पंप विकणाऱ्याच्या 'संपर्क' पानावर ही बाई होती, दातांच्या डॉक्टरच्या पानावर होती, गादीवाल्याच्या आणि कुलूपवाल्याच्या पानावरही होती, आणि आज फरशीवाल्याकडे तिची नेमणूक होत होती. खरं तर पंपवाल्याकडे फोन त्याची सासू उचलायची, तोही तिची दुपारची झोप नीट झालेली असेल तर. दातांच्या डॉक्टरकडे कुणीच उचलायचं नाही. पण बाई सगळ्यांना हवी. "ती हसणारी टाका ना," असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि तो मान डोलवून टाकायचा. नऊ वर्षं तो हेच करत आला होता.

ऑफिसात नऊ माणसं होती आणि त्यांतल्या आठ जणांना आपण कलावंत आहोत असं वाटत होतं. ती आठ जणं वेबसाइटचं पहिलं पान करायची. तिथं चित्रं सरकायची, अक्षरं उगवायची आणि मावळायची, मधेच एखादं पाखरू उडून जायचं. पंप विकायला पाखरू कशाला लागतं हे विचारायची सोय नव्हती. शेवटचं पान त्याच्या गळ्यात. पत्ता, फोन, वेळ, नकाशा, नकाशावर लाल खूण आणि खाली एक फॉर्म. त्या फॉर्मवर तर त्याचा खास राग होता. नाव लिहा, फोन लिहा, निरोप लिहा, 'पाठवा' दाबा. की लगेच वर यायचं, 'आपला निरोप मिळाला. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.' हे वाक्य त्यानं स्वतः नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं. निरोप ज्या पेटीत जाऊन पडायचे तिची किल्ली गिऱ्हाईक महिन्याभरात विसरायचं, आणि वाक्य आपलं दिवसाला चाळीस वेळा बेधडक खोटं बोलत राहायचं. आयुष्यात त्यानं लिहिलेलं सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं वाक्य हेच होतं. हे आठवलं की त्याला हसू यायचं, आणि ते हसू त्या हेडफोनवाल्या बाईच्या हसण्यासारखं अजिबात नसायचं.

"कुठाय तो? माझं पान करणारा कुठाय?" कानवाला दारातून गरजला.

कानवाला म्हणजे कानाची मशीनं विकणारा गृहस्थ. साठीचा, गुटगुटीत, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. त्याला स्वतःलाही कमीच ऐकू यायचं, पण मशीन तो लावायचा नाही. गिऱ्हाइकाला वाटेल, धंदा करून करून हाच बहिरा झाला. म्हणून तो ओरडून बोलायचा आणि समोरच्यालाही ओरडायला लावायचा. या माणसाच्या पानावर 'तुमचं ऐकणं हेच आमचं काम' हे वाक्य पान करताना त्यानंच घातलं होतं, मुद्दाम, मनातल्या मनात दात विचकत. कानवाल्याला ते फार आवडलं होतं.

मालकीणबाई आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. वय बत्तीस, म्हणजे त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान. आग लागली तरी 'वा, छान, आता काय शिकायला मिळतंय बघू' म्हणतील असा स्वभाव. "बसा ना काका! पाणी घ्या! काय झालं?"

"काय झालं? नकाशा कुठं नेतोय माझा? माझं दुकान बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. आणि तुमची लाल खूण कुठं? तिकडं पार लांब, एका गल्लीच्या टोकाला! दोन वर्षं माझी म्हातारी गिऱ्हाइकं तिकडं जाऊन येतायत. आणि मला आज कळतंय!"

"अरे बापरे," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे वळल्या. सगळं ऑफिस त्याच्याकडे वळलं. कलावंत आठही.

त्यानं कानवाल्याचं पान उघडलं. लाल खूण पाहिली. गल्लीचं नाव वाचायची त्याला गरज पडली नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्यानं या शेवटच्या पानाचा साचा केला होता. एकदा साचा झाला की प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासाठी फक्त पत्ता, फोन आणि खूण बदलायची. पण साचा करताना नकाशाची चौकट रिकामी राहायला तयार नव्हती. कुठलं तरी ठिकाण द्याच म्हणून हटून बसली होती. शहर एवढं मोठं, कुठंही बोट ठेवता आलं असतं. नदीत ठेवता आलं असतं, या ऑफिसावर ठेवता आलं असतं. त्याचं बोट सरळ त्या गल्लीवर गेलं, गल्लीच्या टोकावर, शेवटच्या बैठ्या घरावर. तेव्हा त्यानं स्वतःला बजावलं होतं की यात काही नाही, तोंडात बसलेला पत्ता आहे, शाळेच्या प्रत्येक वहीवर लिहिलेला. उद्या बदलू. मग गिऱ्हाइकं येत गेली. तो पत्ता बदलायचा, फोन बदलायचा, आणि खूण कधी बदलायचा, कधी घाईत राहून जायची. गिऱ्हाईक स्वतःचं शेवटचं पान उघडून बघत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. चूक पकडायला कुणी नसलं की माणूस किती पटकन सैल पडतो हे तो इतरांच्या बाबतीत नेहमी बोलून दाखवायचा.

"पण गंमत ऐका," कानवाला खुर्चीत बसून ओरडला. राग त्याला फार वेळ धरता येत नसे. "तिथं एक म्हातारा राहतो. तो माझ्या गिऱ्हाइकांना बसवतो, पाणी देतो, रस्ता समजावून सांगतो. एका आजीच्या मशीनचा सेल उलटा बसला होता, तो नीट करून दिला! आणि फाटकावर पाटी लावलीय. हे बघा, आजीच्या नातवानं फोटो काढलाय."

त्यानं मोबाइल टेबलावर आपटला. सगळे वाकले. तोही वाकला, न वाकून चाललं नसतं.

लोखंडी फाटक, त्याला तारेनं बांधलेला पत्रा. निळी जमीन, पांढरी अक्षरं. 'कानाची मशीनं – मागे वळून चौक, डावा हात, बँकेच्या वर दुसरा मजला. जिन्याला कठडा उजवीकडे आहे.' खाली, 'पंप – मोठ्या पुलाअलीकडे. दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत.' त्याखाली, 'दात – डॉक्टर जागा सोडून गेले. नवी जागा औषधांच्या दुकानात विचारा.' मग गाद्या. मग कुलपं. आणि सगळ्यांत खाली, जरा लहान अक्षरांत, 'पाणी हवं असल्यास बेल वाजवा.'

'र'ची शेपटी खाली येऊन जराशी डावीकडे वळत होती. शिरोरेषा सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती. उकाराचा पोटाकडचा भाग भरलेला. जगात एकच माणूस असं अक्षर काढत होता. तो सात वर्षांचा असताना त्या माणसानं त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवून हाच 'र' फळीवर काढून घेतला होता, दोन महिने रोज, आणि दोन महिन्यांनंतरही त्याचा 'र' पाठीत वाकलाच होता. टर्पेंटाइनचा वास नाकात आला. ऑफिसात कसलाच वास नसतो, तरी आला.

"पाच! आपले पाच क्लायंट एका फाटकावर!" मालकीणबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातून उत्साह निघून गेला होता. "हा फोटो कुणी टाकला कुठं, तर आपलं काय राहील? तुम्ही आत्ताच्या आत्ता काकांबरोबर जा. त्या आजोबांची माफी मागा आणि ती पाटी उतरवून आणा. गोड बोला. तुम्हाला माहितीचा आहे का तो भाग?"

"नाही," तो म्हणाला.

ते इतकं सहज आलं की त्याला स्वतःचाच अचंबा वाटला. काही शब्दांची सवय जात नाही, पंचवीस वर्षं वापरले नाहीत तरी.

कानवाल्याची गाडी लहान होती आणि आत मशीनचे खोके भरलेले. मांडीवर एक खोका घेऊन तो पुढं बसला. कानवाला वाटेत ओरडून बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन सांगत होता आणि तो काचेतून दुकानांच्या पाट्या बघत होता. आता पाट्या कुणी रंगवत नाही. प्लॅस्टिकवर छापून येतात, आतून दिवा लागतो, आणि वर्षभरात त्यातलं एक अक्षर विझतं. एक मिठाईचं दुकान नुसतंच 'ठाई' होऊन बसलं होतं आणि मालक खाली गल्ल्यावर निवांत होता. असले लोक! यांच्यासाठी त्याचे वडील एकेक आकडा भरायला पाऊण तास घ्यायचे.

वडील पाट्या रंगवायचे. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, पत्ता, फोन. म्हणजे शेवटचं पानच, हे त्याला अलीकडे लक्षात आलं होतं, आणि लक्षात आल्यापासून तो विचार तो पायानं बाजूला सारत आला होता. वडिलांचा एक नेम होता. गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला, तरी तो पाटीवर घ्यायच्या आधी ते कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवर जायचे, नाणं टाकून तो नंबर फिरवायचे आणि म्हणायचे, "पाटी रंगवतोय. नंबर बरोबर आहे ना, तेवढं विचारायचं होतं." बस्स, एवढंच. मग परत येऊन ब्रश उचलायचे. पुष्कळ दुकानदार हसायचे. आपलाच नंबर आपल्याला चुकीचा लिहिता येतो का, म्हणायचे. वडील म्हणायचे, येतो. लावून बघितल्याशिवाय आकड्याला रंग लावायचा नाही. लहानपणी हे ऐकताना त्याला अभिमान वाटायचा. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली, आणि ती लाज कुठून आली हे आजतागायत त्याला सापडलेलं नव्हतं. कुणी शिकवली नव्हती. घरात सगळ्यांची अक्षरं सुरेख होती, कुणाच्या बापाचं काही खाल्लं नव्हतं. तरी हातांच्या नखांत रंग असलेला माणूस कॉलेजच्या फाटकाशी उभा दिसला की तो मागच्या दारानं निघून जायचा.

तेवीस वर्षांचा असताना त्याला एका जाहिरातीच्या कंपनीत नोकरी लागली. टाय होता. साहेब होता. औषधांच्या एका नव्या दुकानाची जाहिरात करायची म्हणून साहेबाबरोबर तो जागा बघायला गेला, तर दुकानावर शिडी लावलेली आणि शिडीवर वडील. ब्रश दातांत धरलेला. खाली दुकानदार गरजत होता, फोन नंबरातले दोन आकडे उलटेपालटे झाले होते. "डोळे आहेत का बटणं? आकडे वाचता येत नाहीत तर शिडीवर कशाला चढतोस?" वडील चिंधीनं आकडे पुसत होते. मग त्यांनी खाली पाहिलं, आणि त्यांना तो दिसला, टायसकट. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं. एवढ्या शिव्या खाताना मुलगा दिसला म्हणून माणूस हसतो! दुकानदारानं ते पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडे काय बघतोय हा? ओळखीचा आहे का?"

तो म्हणाला, "नाही."

एवढ्यावर थांबला असता तर पुढची पंचवीस वर्षं कदाचित वेगळी गेली असती. 'नाही' हा शब्द माणसाच्या तोंडून घाबरून निघू शकतो. पण साहेब बाजूला उभा होता, आणि साहेबाला हसवावं असं त्याला वाटलं. शिडीकडे पाठ करून, जरा खालच्या आवाजात, तो म्हणाला, "पेंटर लोक असेच असतात." साहेब हसला. दुकानदार हसला. संध्याकाळी घरी वडिलांचा शर्ट खुंटीवर होता आणि खिशातून चिठ्ठी डोकावत होती. त्यानं ती काढून पाहिली. दुकानदाराच्याच हस्ताक्षरात दोन आकडे उलटे लिहिलेले होते. वडिलांनी चिठ्ठी दाखवली असती तर दुकानदाराची बोलती बंद झाली असती. आईनं विचारलं, का नाही दाखवली? वडील म्हणाले, "कोपऱ्यावरचा फोन बंद होता. पुढच्या चौकात जायला हवं होतं. कंटाळा केला. चूक माझीच." आणि जेवून उठले. त्याच्याकडे बघितलंही नाही, पण ते रागानं नव्हे, एरवीही बघत नसत तसंच. महिन्याभरात त्यानं नोकरीच्या जवळ खोली घेतली. भांडण असं काही झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. सणासमारंभाला जाणं, मग फोनच, मग आईच्या आजारपणात चार दिवस, आणि आई गेल्यावर सहा वर्षं काहीच नाही. वडिलांनी पहिला शब्द ऐकला होता हे त्याला माहीत होतं. दुसरं वाक्य ऐकलं नसणार, पाठ होती, आवाज लहान होता, रस्त्यावर गाड्या होत्या. त्या 'नसणार'च्या आधारावर तो इतकी वर्षं बरा जगला होता.

"आलं बघा," कानवाला ओरडला.

गल्ली होती तेवढीच होती. तो मोठा झाला म्हणून ती लहान वगैरे वाटली नाही, तसलं काही नाही. उलट घरं वर चढली होती, आणि शेवटचं बैठं घर दोन इमारतींच्या मध्ये दबून बसलं होतं. फाटकाबाहेर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मांडलेल्या. एका स्टुलावर पाण्याची कळशी, तिच्यावर उपडा पेला. पाटी फोटोतल्यापेक्षा मोठी होती. आणि पाटीपुढं स्टुलावर बसून, नाक पत्र्याला लागेल इतकं जवळ नेऊन, वडील गाद्यांच्या ओळीत काहीतरी दुरुस्त करत होते. चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या. मान बारीक झाली होती. हात मात्र थरथरत नव्हता. त्याला कानवाल्याच्या गाडीतून उतरावंसंच वाटेना, पण मांडीवरचा खोका घेऊन तो उतरला.

"नमस्कार!" कानवाला ओरडला. ऑफिसात भांडायला आलेला हाच माणूस इथं दोन्ही हात जोडून उभा होता. "मी कानाची मशीनंवाला. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर!"

वडिलांनी मान वर केली. "अच्छा, तुम्ही का. तुमच्या जिन्यावर दिवा नाही. एक बाई सांगत होत्या."

"लावतो! उद्याच लावतो!"

"आज लावा. बोला, आज कोण चुकलं?"

"कुणी नाही! यांना घेऊन आलोय. हे वेबसाइटवाले. यांच्यामुळंच तुम्हाला हा सगळा त्रास." कानवाल्यानं त्याला दंडाला धरून पुढं ओढलं. "माफी मागायची म्हणतायत, आणि पाटी काढून न्यायचीय म्हणे. मला विचाराल तर अजिबात काढू नका. उलट माझा नवा नंबर टाका त्यावर. जुना बंद झालाय, यांच्या पानावर अजून जुनाच आहे."

तो उभा होता. माफीचं वाक्य गाडीत तयार केलं होतं, 'आमच्याकडून झालेल्या गैरसोयीबद्दल'. पानावर शोभलं असतं. वडील ब्रश दातांत धरून त्याच्याकडे बघत होते, जाड काचांमधून, खालून वर, सावकाश, शिडीवरून बघितलं होतं त्याच्या उलट बाजूनं. कानवाल्याच्या लक्षात आलं.

"यांच्याकडे असं काय बघताय?" तो वडिलांना म्हणाला. "ओळखीचे आहेत का?"

वडिलांनी ब्रश दातांतून काढला.

"नाही," ते म्हणाले.

त्याला हायसं वाटलं. हे कबूल करायला हवं, सगळ्यांत आधी हायसंच वाटलं, मोकळं, थंड, गार पाणी प्यायल्यासारखं. चला, सुटलो. म्हाताऱ्यानं सांभाळून घेतलं. एवढ्यात वडिलांनी ब्रश डब्यात बुडवला, कडेवर निथळवला, आणि कानवाल्याकडे बघत, साध्या गप्पांच्या सुरात पुढं म्हणाले, "वेबसाइटवाले लोक असेच असतात."

कानवाला खदाखदा हसला. "अगदी बरोबर बोललात!"

त्याच्या हातातला खोका खाली ठेवायला जागा नव्हती. तो तसाच धरून उभा राहिला. वडिलांनी ऐकलं होतं, दुसरं वाक्यही ऐकलं होतं, शिडीवरून, गाड्यांच्या आवाजातून, त्यानं पाठ फिरवलेली असताना, आणि ऐकून आकडे पुसले होते, घरी येऊन जेवले होते, आईच्या आजारपणात त्याच्याशेजारी चार दिवस बाकावर बसले होते, दोनदा चहा आणून दिला होता. ते वाक्य त्यांनी कुठंही टाकलं नव्हतं. शब्दन् शब्द जपून ठेवलं होतं, एकच शब्द बदलून परत केलं. आणि काय तुच्छतेनं परत केलं! त्याला स्वतःला जन्मभर इतकी सफाई जमली नव्हती. त्याची तुच्छता सगळी मनातल्या मनात, पंपवाल्याच्या सासूवर, फोटोतल्या बाईवर, जे उलट बोलणार नाहीत अशांवर. कानशिलं तापली. पन्नाशीला आलेल्या माणसाची कानशिलं भर गल्लीत तापतात याची त्याला लाज वाटली आणि लाज वाटली याचा राग आला.

कानवाला नंबर सांगत होता आणि वडील घेत होते. आकडा ऐकायचा, पुन्हा म्हणायचा, मग काढायचा. नऊची गाठ भरायला वेळ लागला. शेवटचं शून्य एका दमात. कानवाल्यानं दोन पावलं मागं जाऊन पाटी बघितली, "काय अक्षर आहे!" म्हणाला, खोका त्याच्या हातातून काढून घेतला, "तुम्ही या मागून, मला दुकान उघडायचंय," म्हणाला आणि गेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली, पुढं एक टेंपो आडवा लागला होता.

"बाबा," तो म्हणाला.

वडील ब्रश पुसत होते.

"बाबा, ती खूण मी... साचा करताना काहीतरी ठिकाण द्यावं लागतं, तेव्हा..."

"माहीत आहे. त्या पानाच्या तळाशी तुमच्या ऑफिसचं नाव असतं, बारीक अक्षरात. पहिलाच माणूस आला तेव्हा त्याच्याकडून वाचून घेतलं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मला वाटलं, एवढी माणसं येतायत, तर एखाद्या दिवशी तूही चुकून येशील."

काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "मघाशी त्यांच्यापुढं मी... सांगणार होतो, की तुम्ही माझे वडील आहात."

"मग मला काय सांगतोस? मला ठाऊक आहे." वडिलांनी चष्मा लावला आणि नव्या नंबराकडे बोट केलं. "हा लाव."

"काय?"

"नंबर लाव. त्या माणसाला स्वतःला ऐकू येत नाही. त्यानं सांगितलेला आकडा बरोबर कशावरून? ओला आहे तोवर पुसता येतो. लाव."

तो पाटीसमोर उभा राहिला. मोबाइल काढला. आकडे इतके स्वच्छ होते की एकदा बघून पाठ झाले असते, पण तो एकेक बघत, एकेक दाबत गेला. गल्लीच्या तोंडाशी गाडीची काच खाली गेली आणि कानवाल्यानं फोन कानाला लावलेला त्याला इथून दिसला.

"हॅलो! कोण बोलतंय?"

नंबर बरोबर होता. काम झालं होतं. 'वेबसाइटवाला बोलतोय, नंबर तपासत होतो,' एवढं म्हणून ठेवून दिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "त्यांचा मुलगा."

"कोण? मोठ्यानं बोला!"

"मुलगा बोलतोय. पेंटरचा."

"ऐकू येत नाही हो! मोठ्यानं, मोठ्यानं!"

त्यानं वडिलांकडे पाहिलं. ते पाठ करून ब्रश टर्पेंटाइनमध्ये धूत होते आणि काही केल्या वळणार नव्हते. मग तो ओरडला. नऊ वर्षं ऑफिसात, त्याआधी दुसऱ्या ऑफिसात, त्याआधी टाय लावून, कधीही न वापरलेल्या आवाजात तो ओरडला, "पेंटरचा मुलगा बोलतोय! पेंटरचा! आत्ता ज्यांना भेटलात ते माझे वडील आहेत! माझे वडील!" समोरच्या इमारतीत वर कुठंतरी खिडकी उघडली. टेंपोवाल्यानं मान बाहेर काढली.

गल्लीच्या तोंडाशी कानवाला गाडीतून उतरला आणि फोन तसाच कानाला धरून मागं बघू लागला.

"ते सगळं झालं," मागून वडील म्हणाले, वळून न बघता. "नंबर बरोबर आहे ना, तेवढं विचार."